शेशानाचा जावई आणि पितळी पाटी

आपले कोण आणि परके कोण, याचा निर्णय मनुष्य बहुधा मनात आधीच करून ठेवतो आणि मग त्याला पूर्वजांची साक्ष जोडतो. त्यात दुष्टाव्यापेक्षा सवयीचा भाग अधिक असतो. आणि सवयीने झालेला अन्याय निस्तरणे फार अवघड, कारण तो आपण केला हे करणाऱ्याच्या गावीही नसते.

निवृत्त अध्यापकांच्या तो गावी नव्हता. हिब्रू शास्त्रांतील वंशावळी हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. ज्या अध्यायांपाशी येताच भाविकसुद्धा हळूच पाने उलटतात, तेथे त्यांनी मुक्कामच ठोकला होता. अमुकापासून तमुक झाला, तमुकापासून आणखी कोणी झाला, या कोरड्या ओळींत त्यांच्या मते एका समाजाचा प्राण होता. कोणत्या वंशाला कोणती भूमी, वेदीची सेवा कोणाकडे, परागंदा होऊन परतलेल्याने कोणाच्या दारात हक्काने उभे राहावे, हे सारे त्या नावांवर ठरे. विद्यार्थ्यांना ते बजावत, "आहे ते कोणीही वाचतं. कोण नाही, ते बघा." विद्यार्थी घड्याळाकडे बघत.

घराण्याचा कुलपांचा कारखाना शंभर वर्षांचा झाला, तेव्हा थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, दारावर लावण्यासाठी पितळी पाटीवर वंशवृक्ष कोरून घ्यायचे ठरवले. आराखडा तपासायला अर्थातच अध्यापकांकडे आला. त्यांनी पणजोबांचे जन्मवर्ष दुरुस्त केले, दोन चुलत्यांचा क्रम बदलला आणि खाली "सर्व यथायोग्य" लिहून सही केली. स्वतःच्या नावाखाली काहीच नाही, हे त्यांना दिसले नाही.

दिसले ते त्यांच्या मुलीला. ती तान्ही असताना अध्यापकांनी आणि त्यांच्या दिवंगत पत्नीने तिला दत्तक घेतले होते. दादांचे दोन्ही मुलगे दूरदेशी गेल्यावर चाव्यांना दात पाडण्यापासून गिऱ्हाइकांच्या तक्रारींपर्यंत कारखाना तीच सांभाळत होती. कोरणारा पाटी घेऊन आला, तेव्हा ती हातात कानस धरून उभी होती. तिने पाटी वरपासून खालपर्यंत वाचली.

"बाबा, हे तुम्ही तपासलंत?"

"हो तर. सनावळ्यांचा फार घोळ होता."

"आता नीट झालंय," ती म्हणाली. "स्क्रू पितळी लावू की साधे?"

अध्यापकांनी चष्मा पुसला आणि पाटी पुन्हा वाचली. जन्मभर इतरांना दिलेली शिकवण त्यांच्यापर्यंत त्या क्षणी, काहीशी उशिरा, पोहोचली.

"दादा, हिचं नाव राहिलं."

"राहिलं नाही, मी घातलंच नाही," दादा टेबलामागून म्हणाले. "पोर गुणाची आहे, कोण नाही म्हणतंय? पण वंशवृक्ष रक्ताचा असतो. आणि तू सही केलीस."

"मी चुकलो."

"सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदा कबूल केलंस. तेही पितळ कोरून झाल्यावर!"

अध्यापकांनी आवाज व्याख्यानाच्या पट्टीत नेला. "शास्त्रातल्या शेशानाला मुलगा नव्हता. त्यानं आपली मुलगी यरहा नावाच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, दासाला दिली. पुढच्या तेरा पिढ्या यहूदाच्या वंशात मोजल्यात, दादा. परक्या दासाच्या!"

"तुझा शेशान कुलपं करायचा?"

"नाही."

"मग त्याला कारखान्याच्या पाटीतलं काय कळतंय?"

कोरणाऱ्याने घसा खाकरला. "मालक, काय ते आत्ता सांगा. मला एका डॉक्टरची पाटी द्यायचीय, तो माझ्या नावानं शंख करतोय."

"मग माझं नाव घासून टाका," अध्यापक म्हणाले.

मुलीने कानस खाली ठेवली. "बाबा, नाटक नको."

"नाटक कसलं? माझी लेक ज्या झाडावर नाही, त्याला मी एकट्यानं कशाला लटकू?"

"आणि लोकांनी विचारलं, धाकटा कुठाय, तर?" दादा म्हणाले.

"शेशानाकडे गेलाय म्हणून सांग."

दादा हसले नाहीत. धाकट्याचा हट्ट ते लहानपणापासून ओळखत होते. तो हट्ट क्वचित यायचा, पण आला की मुक्कामाला असायचा. शेवटी त्यांनी तोडगा काढला. "बरं बाबा. नाव घालू. पुढं कंसात ‘दत्तक’ टाकू. झालं?"

अध्यापक काही बोलणार, तोच मुलगी शांतपणे म्हणाली, "चालेल की, मोठे काका. त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण मग खरं ते सगळ्यांच्याच पुढे कंसात टाकू. माझ्या दोन्ही भावांच्या पुढे ‘सोडून गेले’."

दादांनी पाटीवरची आपल्या मुलांची नावे वाचली. मग कारखान्याकडे पाहिले. तिथे तिच्या हाताखालची माणसे कामात असल्याचा देखावा करीत उभी होती.

"कंसाला जागा नाही," ते कोरणाऱ्याला म्हणाले. "नुसतं नाव घाल. तिच्या भावांच्या ओळीत."

कोरणाऱ्याने छिन्नी काढली. मुलीने त्याच्यासाठी बाकावरची चाव्यांची रास बाजूला सारली आणि पुन्हा कानस हाती घेतली. अध्यापक तेथेच, दादांच्या शेजारच्या खुर्चीवर, बसले.

जो विसरला, जो अडून बसला, आणि जिने दोघांनाही फार न दुखावता वाट दाखवली, त्या तिघांना एकमेकांचा सहवास दीर्घकाळ लाभो. आणि ज्यांची नावे अद्याप कोणत्याच पाटीवर नाहीत, त्यांना कोणीतरी आपले म्हणो.