रामेश्वराला न गेलेली सॅक

मी एक जुनी सॅक आहे, पाठीवर घ्यायची, आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकते. मित्रांनो, तुमच्या निबंधात जुनी छत्री बोलते, जुना पंखा बोलतो, आणि सगळे कसे गोड गोड बोलतात, जणू त्यांना कधी कोणी लाथ मारलीच नाही. मला तसं जमणार नाही. मी खाल्लेली लाथ मी सांगणार.

माझा जन्म अकोल्याचा. एका बोळात, पत्र्याच्या खोलीत, मशीनवर. कापड जाड, शिलाई दुहेरी, पट्ट्यात स्पंज. शिवणाऱ्या माणसाने मला अगदी मन लावून शिवलं, आणि मालकाने माझ्या छातीवर कुठल्याशा परदेशी कंपनीचं नाव चिकटवलं. अकोल्याची वस्तू म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणून. जन्मल्या दिवशीच माझी जात लपवली गेली.

मला विकत घेतलं महादेवरावांनी. तेल्हाऱ्याजवळ त्यांचं गाव. काळी जमीन, कपाशी, तूर, पाण्याची विहीर, बरं चाललेलं घर. मुलगी प्रणाली अमरावतीला शिकायला निघाली होती, तिच्यासाठी मी आले. तिने माझ्यात पुस्तकं कोंबली, इस्त्री कोंबली, एकदा तर शेगडी कोंबली. चेन लागली नाही की गुडघा देऊन लावायची. मी तक्रार केली नाही. कामाची वस्तू कामाने झिजते, त्यात अपमान नाही. अपमान पुढे आहे. शिक्षण संपलं, प्रणालीला हैदराबादेत नोकरी लागली, तिने चाकांची बॅग घेतली आणि मला माळ्यावर फेकलं. तिथे फुटका कूलर होता आणि उंदीर होते. उंदरांनी माझा पुढचा खिसा खाल्ला. कोणी बघायलासुद्धा आलं नाही.

मला खाली काढलं ते कौशल्याने. कौशल्या म्हणजे प्रणालीची आई, महादेवरावांची बायको. तिने मला झटकलं, रिठ्याच्या पाण्याने धुतलं, खाल्लेल्या खिशावर जुन्या साडीचं ठिगळ लावलं आणि दोरीवर वाळत घातलं. मग पाठीवर घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. पन्नाशीची बाई, लुगड्यावर सॅक. शेजारणी हसल्या. हसू द्या.

तिला कुठेतरी जायचं होतं. एवढंच. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ती गेली ती माहेरी, लग्नांना, मयतींना आणि दवाखान्यात. प्रत्येक वेळी कोणाचं तरी काम घेऊन. तिला एकदा बिनकामाचं जायचं होतं. लेक फोनवर सांगायची की हैदराबादेत तिच्या ऑफिसातली पोरंपोरी पाठीवर पिशवी घेऊन साध्या गाडीने दक्षिणेत हिंडतात, मिळेल तिथे झोपतात, मिळेल ते खातात. कौशल्याने ते मनात धरलं. महादेवराव तयार झाले, कारण ते तसे बरे आहेत. फक्त त्यांना मोठ्या भावासमोर तोंड उघडता येत नाही.

तो मोठा भाऊ म्हणजे नत्थुजी. घर एकच, चुली दोन, पण शब्द त्यांचा. त्यांनी विचारलं, जाता कायले? आता याला काय उत्तर द्यायचं? मित्रांनो, मी विचारते, घरातला पुरुष शेगावला, अकोल्याला, नागपूरला जाऊन येतो, चौकात चार तास उभा राहून येतो, त्याला कोणी विचारतं का, गेला कशाला? बाईला मात्र कारण लागतं. आणि कारण एकच चालतं, देव. म्हणून महादेवराव पटकन म्हणाले, रामेश्वराले. नत्थुजींचे हात जोडले गेले. त्यांची बायको माणिकबाई, कौशल्याची जाऊ, तिनेही हात जोडले, पण माझ्याकडे बघून म्हणाली की बाईमाणूस हमालावानी पाठीवर ओझं घेऊन जाईल तर आपल्या घराची इज्जत काय राहील. ओझं डोक्यावर नेलं तर इज्जत राहते. पाठीवर नेलं की जाते. हा हिशेब मला आजवर कळला नाही.

गेलो एकदाचे. अकोल्याहून साध्या डब्यात, पूर्णा, नांदेड करत हैदराबाद. लेकीकडे एक मुक्काम, मग हंपी. तिथले डोंगराएवढे गोटे बघून कौशल्या म्हणाली की एवढे गोटे आपल्या वावरात असते तर तुमच्या आज्याने वखर कुठून घातला असता. महादेवराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. धर्मशाळेत झोपलो, स्टँडवर झोपलो, एका लॉजवाल्याने जिन्याखालची खोली दिली तिच्यातही झोपलो. ती भात खाऊन कंटाळली की माझ्या पोटातली ज्वारीची भाकर काढायची, ती वाळून पापड झाली होती. भाषा येत नव्हती. हाताने, डोळ्याने बोलायची. तिला कोणी हसलं नाही. हसायला आपलेच लोक भेटावे लागले, आणि ते भेटले महाबलीपुरमला.

आधी समुद्र सांगते. तो दिसला तेव्हा तिने चपला काढल्या. वाळूत बसली, मला मांडीवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. महादेवरावांनी फोनवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

पुढची गाडी मात्र मिळेना. सणाची सुटी होती. रामेश्वरची तिकिटं वेटिंगला अडकली, साध्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि चेन्नईहून परतीचं आरक्षण ठरलेलं. अशात दुसऱ्या दिवशी तिथल्या देवळाच्या रांगेत एक सोनेरी काठाची साडी मागून आली आणि कौशल्याच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "काय हो मावशी, तुम्ही इथे काय करताय? पोळ्या व्हायच्या आहेत ना आमच्या?"

त्या होत्या गीतांजलीबाई. अमरावतीच्या, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. एका यात्रा कंपनीच्या बसमधून आल्या होत्या. तुम्हाला माहीत आहे, अशा बसबरोबर आपल्याकडचे आचारी असतात, म्हणजे दक्षिणेतही वरण-पोळी सुटत नाही. बाईंनी कानावर वऱ्हाडी पडलेली ऐकली, साधं लुगडं पाहिलं, पाठीवर मी दिसले, आणि त्यांनी ठरवून टाकलं की ही आपल्या बसची नवी पोळ्यावाली. आपल्या बोलीतली बाई इतक्या लांब आली असेल तर ती लाटणं घेऊनच आली असेल. ती रांगेत उभी आहे, तिलाही देऊळ बघायचं आहे, हे त्या शिकलेल्या डोक्यात आलंच नाही.

चूक कळल्यावर बाई लाजल्या असत्या तर मी विसरले असते. बाई हसल्या. वर म्हणाल्या की अहो, योगायोग बघा, आमची नेहमीची पोळ्यावाली कालपासून तापाने पडली आहे. मग बसचा मॅनेजर आला. त्याने सांगितलं, बस रात्री रामेश्वरला निघते, तिथून पुन्हा चेन्नईला येते, तुमची गाडी सापडते. दोघं फुकट चला, जेवण आमचं. वहिनींनी फक्त दोन वेळच्या पोळ्या बघायच्या.

आणि महादेवराव हो म्हणाले. मी पाठीवरच होते, मी ऐकलं. त्यांनी बायकोकडे बघितलंसुद्धा नाही. वाळूत येऊन त्यांनी तिला समजावलं की चारच दिवस, देव आपसूक पदरात पडतो, दादाला दिलेला शब्द राहतो, आणि पोळ्या तर तू घरी रोजच करतेस.

कौशल्याने मला पाठीवरून उतरवलं. "तुमी जा," ती म्हणाली. "तुमालेबी येते कणीक मळता, दिवाळीत पाह्यलं म्या. तुमी लाटा पोळ्या अन् घ्या दर्शन. मी अठीच बसतो."

"अवं, दादाले काय सांगू?"

"तोंड हाय ना तुमाले?"

महादेवरावांनी अंगावरची वाळू झटकली. मग मॅनेजरकडे जाऊन नाही म्हणून आले. बाकीचे दिवस आम्ही तिथेच काढले. ती सकाळी पाण्यात पाय घालून बसायची, दुपारी सावलीत, संध्याकाळी परत पाण्यात. काही केलं नाही तिने. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतकं हलकं ओझं वाहिलेलं नाही.

इकडे गावात काय झालं होतं, ते परतीच्या गाडीत कळलं. ग्रुपवरच्या समुद्राला घरच्यांनी रामेश्वर करून टाकलं होतं. आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला समुद्र म्हणजे एकच. नत्थुजींनी फोटोखाली हात जोडले, त्याखाली सगळ्या भाऊबंदांनी हात जोडले, आणि महादेवराव गप्प बसले. आता नत्थुजींचा फोन आला की परस्पर घरी जायचं नाही, आधी मारुतीच्या पारावर थांबायचं, बँड सांगितला आहे, पाय धुऊन वाजतगाजत नेऊ आणि मग गावाला मावंद्याचं जेवण. तीर्थाहून आलेल्यांना आमच्याकडे असाच मान असतो. चांगली रीत आहे. खोट्याला लावली की वाईट.

अकोला स्टेशनवर उतरल्यावर महादेवरावांनी काय केलं? नळावर बाटली भरली आणि माझ्या बाजूच्या खिशात खोचली. लोक तीर्थ मागतील म्हणून. मी प्रणालीची पुस्तकं वाहिली, इस्त्री वाहिली, शेगडी वाहिली. पण त्या बाटलीचं जेवढं ओझं झालं तेवढं कशाचंच झालं नाही. तेल्हाऱ्यापर्यंतच्या बसमध्ये ते तिची विनवणी करत होते. लोकांना जेवू दे, दादाचा मान राहू दे, कोणाचं काय बिघडतं? ती खिडकीतून बाहेर बघत होती. ती काय करणार हे मलाही माहीत नव्हतं.

पारावर सगळं गाव. बँड वाजला. दोघांना पाटावर बसवलं, गळ्यात हार घातले. माणिकबाई परात घेऊन आली. मोठी जाऊ, वयाने मोठी, मानाने मोठी, गुडघे धरत खाली बसली आणि धाकट्या जावेचे पाय धुवायला तिने हात पुढे केले. तीर्थ करून आलेले पाय ना ते.

कौशल्याने पाय मागे ओढले.

"राहू द्या, जाऊबाई. आमी रामेश्वराले नाही गेलो."

बँड एकेक वाद्य करत थांबला. नत्थुजींनी भावाला विचारलं की ही काय बोलून राहिली. आमच्याकडे सून भासऱ्यासमोर, म्हणजे मोठ्या दिरासमोर, तोंड उघडत नाही. कौशल्याने डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ त्यांच्याकडे बघून सांगितलं की गाडी मिळाली नाही, मिळत होती ती पोळ्या लाटायच्या बोलीवर, ती मी घेतली नाही. समुद्रावर बसून राहिलो.

"मंग गेली कायले व्हती तू?"

"फिराले."

झालं. या एका शब्दाने मारुतीचा पार हादरला. मित्रांनो, पुरुष फिरला की त्याला अनुभव येतो, आणि बाई फिरली की तिच्याबद्दल कुजबूज होते. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. नत्थुजी भावाकडे वळले आणि म्हणाले, "महादेव, सांग सगळ्याईले, हे खोटं बोलून राहिली."

महादेवराव उठले. त्यांनी माझ्या खिशातली बाटली काढली, झाकण उघडलं आणि सगळं पाणी पारावरच्या कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं. "अकोल्याच्या नळाचं हाय, दादा," ते म्हणाले. "खोटं मीच बोलत व्हतो."

नत्थुजींना भावाला मारता येत नव्हतं. भावजयीला तर नाहीच. मग राहिलं कोण? मी. त्यांनी मला पारावरून लाथ मारली. माझा एक पट्टा कडीतून तुटला आणि मी बँडवाल्यांच्या पायाशी जाऊन पडले. ज्याचं कोणावर चालत नाही त्याचं वस्तूवर चालतं. घरोघरी चालतं. तुमच्या दप्तराला विचारा.

जेवण मात्र कोणी सोडलं नाही. वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी, सगळं पोटभर खाल्लं आणि हात धुताना कौशल्याला नावं ठेवली. खोट्या मावंद्याची बुंदी पचते, खरं बोललेली बाई पचत नाही. दोन्ही चुलींत बोलणं बंद झालं. ते अजून बंद आहे. कौशल्याला त्याचं दुःख आहे. ती रडलेली मी पाहिली आहे, आणि रडता रडता दाभणाने माझा पट्टा शिवतानाही पाहिली आहे.

त्यानंतर एका दुपारी, घरातले पुरुष वावरात असताना, माणिकबाई मागच्या दाराने आली. कौशल्या धान्य निवडत होती. माणिकबाईने खुंटीवरून मला काढलं. मला वाटलं, आता ही चुलीत घालते. तिने एक हात पट्ट्यात घातला, दुसरा सापडेना, कौशल्याने उठून घालून दिला. मग ती मला पाठीवर घेऊन नुसती उभी राहिली.

"छातीवर दाटते काय वं हे?" तिने विचारलं.

"पह्यले दाटते. मंग नाही."

माणिकबाई चालत दारापर्यंत गेली, परत आली. मी रिकामीच होते, तरी तिने पट्टे दोन्ही मुठींनी घट्ट धरले होते. मग तिने विचारलं की समुद्राचा आवाज रात्रीही येतो का. कौशल्या म्हणाली, येतो. माणिकबाईने मला उतरवलं, खुंटीला नीट लावलं, पदराने स्वतःचं तोंड पुसलं आणि आली तशी मागच्या दाराने गेली.

मित्रांनो, शेवटी काहीतरी मागायचं असतं, म्हणून मागते. आमची चेन गुडघ्याने लावू नका. आम्हाला माळ्यावर उंदरांच्या तोंडी देऊ नका. रागाच्या लाथा आम्हाला घालू नका, ज्याच्यावर राग आहे त्याच्याशी बोला. आणि तुमच्या घरात जी बाई आहे, आई असो, काकू असो, तिला एखाद्या दिवशी विचारा, तुला कुठे जायचं आहे? ती सांगेल त्या जागेचं नाव ऐका आणि तिच्या पाठीवर सॅक चढवून द्या. कायले जाते, हे विचारू नका. तुम्हाला कोणी विचारत नाही.