चार माणसं आणि कांद्याची गोणी

"आये, गुडघं हनवटीला लागत्यात माझं," हर्षल गोजरबाईच्या कानाशी कुरकुरला.

"मग लहानपनी कमी वाढायचं हुतं," ती पुटपुटली.

विजेच्या त्या इवल्याशा गाडीत मागच्या सीटवर तिघं कोंबली होती. मधे गोजरबाई, एका दाराशी मुलगा हर्षल, दुसऱ्या दाराशी सून निकिता. पुढं तिचे मालक, हर्षलचे आप्पा, मच्छिंद्र, आणि स्टिअरिंगवर शोरूमची अश्विनी. डिकीत कांद्याची भरली गोणी.

गोणी घरून, काष्टीहून आणलेली. भरल्या गाडीला जुंपून बघितल्याशिवाय मच्छिंद्रांनी उभ्या जन्मात बैल घेतला नव्हता. नगरला मोटार घ्यायला आले म्हणून रीत कशाला मोडायची? शोरूममध्ये त्यांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या, पाठीवर थाप मारली, उकिडवं बसून पोटाखाली बघितलं. दात बघायचे तेवढे राहिले.

गाडीला बोट ठेवायला जागा नव्हती. अडचण होती ती डोळ्यांची. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, काचबिंदू आहे, उजव्या बाजूची नजर गेली ती परत यायची नाही, यापुढे गाडी चालवू नका. मच्छिंद्रांनी त्यातलं डोळ्यांत थेंब टाकायचं तेवढं ऐकलं. आठ दिवसांनी मोटारसायकल शेजारच्या कारभारीच्या कुंपणात घातली आणि कारभारीनं कुंपण पुढं सरकवलंय म्हणून त्याच्याशीच भांडून आले.

मिसरूड फुटल्यापासून हा माणूस कधी कुणाच्या मागं बसला नव्हता. त्याला सांगणार कोण? म्हणून मग आज जो तो गाडीलाच नावं ठेवत होता.

"एका चार्जिंगमध्ये किती जाते?" हर्षलनं विचारलं.

"कंपनी अडीचशे म्हणते. एसी लावून, चार माणसं घेऊन एकशे ऐंशी धरा," अश्विनी म्हणाली.

"बघा आप्पा! कोपरगावला आत्याकडं जाऊन यायचं तर तीनशे हुतंय."

"शिर्डीत लावायची तासभर चार्जिंगला," मच्छिंद्र म्हणाले. "तेवढ्यात दर्शन हुतंय."

निकितानं घसा खाकरला. "आप्पा, आपल्याकडं लाईट कवा असती, कवा न्हाई."

"घरातल्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर चालतं, ताई. रात्रभर लावली की सकाळी फुल्ल," अश्विनीनं सांगितलं. "आणि बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी."

"आठ वर्सं!" मच्छिंद्र खूश झाले. "बैलाची कोन देतंय?"

आता हर्षल आणि निकितानं गोजरबाईकडं बघितलं.

"बुटकी हाय," ती म्हणाली. "वढ्याच्या पान्यात बॅटरी भिजंल."

"पाणी आत जात नाही, मावशी. सील असते."

तेवढ्यात गतिरोधक आला. मागं तिघंही डोळे मिटून बसली, आता तरी खालून घासेल या आशेनं. गाडी कांद्यासकट अल्लाद पलीकडं उतरली.

"चाल बघितली का?" मच्छिंद्र मागं वळून म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. एवढे खूश गोजरबाईनं त्यांना लई दिवसांत बघितले नव्हते.

बायपासला मोकळी जागा बघून अश्विनीनं गाडी उभी केली. "काका, आता तुम्ही चालवून बघा."

मच्छिंद्र टोपी सारखी करत उतरले आणि मागून वळसा घालून निघाले. हर्षल घाईनं म्हणाला, "आप्पा, रंग न्हाई आवडला मला." निकिता म्हणाली, "डिकी लहान हाय." मागून गोणी तिच्या पाठीला टेकली होती.

गोजरबाई हर्षलच्या गुडघ्यांवरून उतरली, बॉनेटपुढून आली आणि मच्छिंद्रांच्या उजव्या अंगाला, हातभर अंतरावर उभी राहिली. अश्विनी उतरून बाजूला झाली होती. मच्छिंद्रांनी ऐटीत दार सताड उघडलं, ते गोजरबाईच्या मांडीवर आदळलं.

"अगं! तू कुठनं आलीस?"

"मी कवाची हितंच हुबी हाय."

तिनं त्यांचा दारावरचा हात हातात घेतला.

"गाडी लई चांगली हाय. हीच घेऊ. पर तुमाला उजव्या अंगाचं दिसत न्हाई. तुमी चालवायची न्हाई."