साहेब वळून बघतात

नर्सबाईंनी खुळखुळा बाळाच्या उजव्या कानामागे नेला आणि हलकेच वाजवला. आईच्या मांडीवर बसलेल्या बाळाने मान उजवीकडे वळवली.

"बघा!" समोर स्टुलावर बसलेली आजी म्हणाली. "आमच्या साहेबांचे कान चांगले तिखट आहेत. स्वभाव शांत, एवढंच."

नऊ महिन्यांचे साहेब पुन्हा आजीच्या तोंडाकडे बघू लागले. नर्सबाईंनी डावीकडून वाजवला. साहेब डावीकडे वळले.

नर्सबाईंना बरं वाटलं. आरोग्य केंद्रातून लहान मुलांच्या घरी फिरण्याचं काम त्या अर्धं आयुष्य करत होत्या. मागच्या लसीच्या दिवशी लोखंडी ट्रे हातातून निसटून जमिनीवर आदळला, तेव्हा खोलीतल्या सगळ्या पोरांनी भोकाड पसरलं होतं. हे एकटं मात्र पायाचा अंगठा चोखत बसलं होतं. तेवढ्यासाठी त्या आज तीन जिने चढून आल्या होत्या. आता शंका फिटली म्हणायची आणि पुढच्या घरी जायचं.

नियमाप्रमाणे तिसऱ्यांदा त्यांनी हात वर नेला आणि नेमकी शिंक आल्यासारखं झालं. हात तसाच हवेत राहिला. खुळखुळा वाजलाच नाही.

साहेब मात्र उजवीकडे वळले.

शिंक आली नाही. नर्सबाईंनी मुद्दाम हात डावीकडे नेला, न वाजवता, आणि या वेळी बाळाकडे न बघता आजीकडे बघितलं. आजीची नजर खुळखुळ्याबरोबर सरकली आणि बाळाची मान त्या नजरेमागून गेली.

"जरा कोमट पाणी मिळेल?" त्या बाळाच्या आईला म्हणाल्या. "हात धुवायचेत."

सून बाळाला सासूच्या मांडीवर देऊन आत गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

"तुम्ही डोळ्यांनी सांगता त्याला," नर्सबाई हळूच म्हणाल्या.

आजीने कानावर हात ठेवले नाहीत. बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिली.

"पातेलं पडलं होतं एकदा, पाण्याने भरलेलं," ती म्हणाली. "मी केवढ्याने किंचाळले. हा पलंगावर पडलेला, ढिम्म. तेव्हाच कळलं मला."

"सुनेला माहीत आहे?"

"तिला कुठलं? आणि बाई, तुम्हीही बोलू नका, हात जोडते. मुलगा माझा बोटीवर, वर्षातून एकदा तोंड दाखवणार. पोर एकटी पडते. बाळंतपणात आधीच अर्धी झालीय, त्यात हे कळलं तर हाय खाईल. ती समोर असली की मी याला हाक मारते आणि टाच आपटते. जमीन लाकडाची आहे, थरथरते. की वळतो. ती म्हणते, आई, तुमचा आवाज कसा बरोबर ओळखतो."

"असं किती दिवस चालवणार?"

"जातील तितके," आजी म्हणाली. सून पाण्याचं भांडं घेऊन आली, तशी ती बाळ तिच्याकडे देऊन उठली. "बसा, चहा टाकते. साखर किती?"

"बिनसाखरेचा," नर्सबाईंनी सांगितलं. एरवी त्या कुणाच्याच घरी चहा घेत नसत.

हात धुऊन, पुसून झाले. एकदा खात्री करायला हवी होती. आता समोर कुणी नव्हतं. बाळाचं लक्ष राहावं म्हणून त्यांनी आपल्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि मागे जाऊन खुळखुळा उजवीकडून वाजवला.

बाळ उजवीकडे वळलं.

डावीकडून वाजवला. डावीकडे वळलं.

नर्सबाई चक्रावल्या. आजी तर आत होती, कपबशांचा आवाज येत होता. त्यांनी न वाजवता हात डावीकडे नेला. बाळ वळलं. मग त्यांची नजर खाली गेली. बाळाच्या आईने त्याला दोन्ही हातांनी कमरेशी धरलं होतं आणि तिचा डावा अंगठा त्याच्या बरगडीत रुतला होता.

"हात काढा बघू," नर्सबाई म्हणाल्या.

तिने हात काढले. खुळखुळा वाजला. बाळाने एक किल्ली तोंडात घातली.

तिने आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"आईंना कळू देऊ नका," ती कुजबुजली. "आमच्या सासूबाईंना. त्यांना वाटतं हा त्यांच्या हाकेला वळतो. दिवसभर बोलत असतात त्याच्याशी, तोंडाचा पट्टा थांबत नाही. घरात दुसरं कोण आहे त्यांना बोलायला? त्यांचा जीव आहे हो याच्यात."

"तुम्हाला कधी कळलं?"

"हा हुंकार द्यायचा, बा-बा करायचा. मग कमी कमी होत गेलं. मी वाट बघत राहिले." तिने पदराने बाळाच्या तोंडातली किल्ली पुसली आणि परत त्याच्या हातात दिली. "बोटाची खूण त्याला लवकर कळली. हुशार आहे तो."

नर्सबाईंच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. एकमेकींना जपता जपता तुम्ही दोघींनी या पोराचे महिने घालवलेत आणि या वयातले महिने परत मिळत नसतात. असली वाक्यं त्यांनी पूर्वी दोन-तीन घरांत ऐकवली होती. ती खरी होती, आणि त्यानंतर त्या घरांची दारं त्यांना उघडली नव्हती. त्यांनी ते वाक्य गिळलं.

आजी चहा घेऊन आली.

"चहा राहू दे," नर्सबाई म्हणाल्या. "शेवटचं एकदा बघायचंय. आजी, तुम्ही खिडकीशी उभ्या राहा. बाहेर बघा, इकडे नाही. पाय हलवू नका. आणि तुम्ही त्याला सतरंजीवर बसवा आणि दाराशी जा. हात मागे."

दोघींनी एकदम नर्सबाईंकडे बघितलं. मग दोघी आपापल्या जागी गेल्या.

नर्सबाईंनी खुळखुळा वाजवला. मग जोरात वाजवला. मग तो खाली ठेवून टाळी वाजवली, इतकी कडक की खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या आजीचे खांदे दचकले. सतरंजीवर बाळ किल्ली पुढून बघत होतं, मागून बघत होतं.

"तो वळला नाही, आई," सून दाराशीच उभी राहून म्हणाली.

"ठाऊक आहे मला," आजी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

मग ती वळली. दोघींपैकी एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, ते हळूहळू आलं, बाळाकडे बघताना नव्हे तर एकमेकींकडे बघताना. कधीपासून, असं कुणीच विचारलं नाही. सुनेने डोळे पुसले नाहीत आणि सासूने तिला रडू नको म्हटलं नाही.

नर्सबाईंनी काय ते सांगितलं. मोठ्या रुग्णालयात कानाची तपासणी होते, बाळ झोपलेलं असताना यंत्राने करतात, दुखत नाही. किती ऐकू येतं ते कळलं की कानाला ऐकायचं यंत्र लावायचं की आणखी काही, ते ठरतं. जितकं लवकर तितकं चांगलं. सोमवारी त्या स्वतः तिथे असतील.

"कोण येणार त्याला घेऊन?" त्यांनी विचारलं.

"मी," दोघी म्हणाल्या.

नर्सबाईंनी थंड झालेला चहा उभ्या उभ्याच संपवला. किल्ल्यांचा जुडगा सोडवून घेतला, तशी बाळाने रडून तक्रार केली. सुनेने त्याला उचललं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली होती.

"बाई," आजीने विचारलं, "मग आता मी याच्याशी बोलायचं बंद करू?"

"छे. उलट जास्त बोला. फक्त समोर बसून. तोंड दिसायला हवं त्याला."

आजी गुडघ्यांवर हात ठेवत सतरंजीवर बसली, बाळाच्या अगदी पुढ्यात. पदर सारखा केला. तोंड उघडलं आणि मिटलं. नऊ महिने सकाळपासून रात्रीपर्यंत न थकता बोलणाऱ्या बाईला काय बोलावं ते सुचेना. तिने सुनेकडे बघितलं.

"काहीही बोला, आई," सून म्हणाली.

बाळाने रडं थांबवलं होतं. ते आजीच्या ओठांकडे बघत वाट पाहत होतं.