बाबावर राज्य

ऐतिहासिक नाटक म्हणजे मावळे आणि तलवारी, हे चारुदत्तला मान्य नव्हतं. आखातातल्या त्यांच्या मराठी मंडळाच्या वर्धापनदिनासाठी त्यानं थेट दीड हजार वर्षांपूर्वीचं रोमन साम्राज्य उकरून काढलं. सात वर्षांचा लिओ आजोबांमागे सम्राट होतो, स्वतःच्या हातानं बापाच्या डोक्यावर मुकुट ठेवतो आणि वर्षाच्या आत मरतो. गादीवर बाप एकटा उरतो. लिओ झाला त्याचा मुलगा वेदांग, बाप स्वतः चारुदत्त. बायकोच्या, विभावरीच्या वाट्याला नेहमीप्रमाणे कपडेपट आला.

प्रयोगाच्या आठवड्यात वेदांग बापाच्या हातून दूध घेईना. चारुदत्त अबुधाबीच्या ऑफिसातून घरी आला, की पोरगा विभावरीच्या मागे दडे. शेवटी तिनं त्याला मांडीवर घेऊन विचारलं.

“लिओवर राज्य होतं. ही गेव्ह इट टु बाबा,” तो म्हणाला. “मग बाबावर राज्य आलं. अँड देन लिओ डाइड. मीन्स, बाबा कॉट हिम.”

विभावरीला आता उलगडलं. पोराचं मराठी सगळं त्यांच्या अल नहदा वस्तीतल्या बिल्डिंगखालच्या पकडापकडीतलं. तिथे ज्याच्यावर राज्य, तो बाकीच्यांना धरायला धावतो.

“अहो, तो खरंच घाबरलाय. मुकुटाचा सीन काढून टाका.”

“अगं, पोरखेळ आहे. हॉल बुक झालाय, तीनशे माणसं येणार. स्टेजवर होईल नीट, इन्शाल्ला,” चारुदत्त हसला.

तिनं तेव्हाच हट्ट धरायला हवा होता. ती मुकुटाला सोनेरी कागद चिकटवायला बसली, आणि याचाच तिला पुढे सगळ्यात जास्त राग आला.

शुक्रवारी दुपारी भरल्या हॉलसमोर वेदांगनं बापाच्या वाकलेल्या डोक्यावर मुकुट ठेवला आणि जीव घेऊन पळत सुटला. विंगेत विभावरीनं हात पुढे केला, तोही चुकवून तो आत गेला. प्रसंग सावरायला चारुदत्त मुकुटासकट त्याच्यामागे धावला. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. टाळ्या पडल्या.

विभावरी मेकअप रूमपाशी पोचली, तेव्हा आतून कडी लागली होती. चारुदत्त धापा टाकत, अजून हसतच दार वाजवत होता.

“अरे राजा, दार उघड. बाबा आहे.”

आत काहीतरी जड दाराकडे ओढत आणल्याचा आवाज झाला. मग वेदांगचा बारीक, रडवेला स्वर आला.

“टाइम प्लीज, बाबा. टाइम प्लीज.”