हात सैल सोडा, डॉक्टर!

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा हात थरथरतो असं कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. किंचाळणारी पोरं, जीभ आवरता न येणारे म्हातारे, सुई दिसताच खुर्चीतून उठून पळणारे धिप्पाड गडी, सगळ्यांच्या तोंडात बाईंचा हात अगदी निवांत फिरायचा. पण त्या रविवारी सकाळी चहाचा कप बशीत ठेवताना असा खडखडाट झाला, की वरच्या मजल्यावरून थोरल्या बहिणीने, ताईंनी, ओरडून विचारलं, "दार कोण वाजवतंय गं?"

दार कुणी वाजवत नव्हतं. आज ड्रोन उडवायचा होता, एवढंच.

ड्रोन येऊनही बरेच दिवस झाले होते. बाईंना फोटो काढायचं वेड जुनं. पुलावरून, गच्चीवरून, टेकडीवरून, जिथून म्हणून नदी दिसेल तिथून त्यांनी नदीचे फोटो काढले होते. गावाला वळसा घालून जाणारी ती नदी अक्कलदाढेच्या मुळासारखी दिसते, असं त्यांचं ठाम मत. त्यांचे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे, सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. त्यांचं तितकंच ठाम मत, की नदीचा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे. या वादात संसाराची कितीतरी वर्षं मजेत गेली होती. शेवटी बाई म्हणाल्या, "आता वरूनच बघून टाकू," आणि कॅमेऱ्याचा ड्रोन घरी आला.

आला तो कपाटावर जाऊन बसला. एका रविवारी वारा होता, दुसऱ्या रविवारी ढग होते. तिसऱ्या रविवारी वाराही नव्हता, ढगही नव्हते, तर बाईंना ऊन डोळ्यांवर येत होतं. "नाचता येईना, अंगण वाकडं," ताई म्हणाल्या. तरी तयारीत बाईंनी कसूर ठेवली नव्हती. सोबत आलेली पुस्तिका त्यांना पाठ होती. बंद रिमोट हातात धरून, तोंडाने घूंऽऽ असा आवाज काढत त्यांनी दिवाणखान्यात शेकडो उड्डाणं केली होती. त्या सगळ्या उड्डाणांत ड्रोन एकदाही पडला नव्हता.

"पडला तर पडला," चपला घालत मास्तर म्हणाले. "त्यात काय एवढं? माझ्याकडे बघ, मी कसा शांत आहे!"

"तुम्हाला कुठे उडवायचाय, अहो!"

"बारके, चल आता," ताईंनी जुनी चादर काखोटीला मारली. "नमनाला घडाभर तेल झालं."

शाळेमागचं मैदान मोकळंच असेल, अशी बाईंची अटकळ होती. पण रविवारी सकाळी फिरायला येणाऱ्यांची तिथे जत्राच भरलेली. बाईंनी मान खाली घातली, चादर अंथरली, तिच्या मधोमध ड्रोन ठेवला. पाती बसवताना एक बोटांतून निसटलं आणि गवतात गेलं. ते शोधायला तिघंही रांगायला लागल्यावर फिरणारे थांबले. कुणी विचारलं, "अंगठी पडली का?" पातं सापडेपर्यंत चांगला घोळका जमला होता.

मग ड्रोनला दिशा कळावी म्हणून कंपास जुळवायचा होता. त्यासाठी ड्रोन दोन्ही हातांत आडवा धरून स्वतःभोवती सावकाश गोल फिरायचं असतं. घरी बाईंना ते अगदी शास्त्रीय वाटलं होतं. इथे सगळ्यांसमोर, ड्रोन नैवेद्याच्या ताटासारखा धरून फेऱ्या घेताना त्यांचे कान तापले. त्यात रिमोटवर सूचना आली, पुन्हा फिरा. पुन्हा फिरल्या. तिसऱ्यांदा फिरल्या तेव्हा घोळक्यातल्या एका आजीबाईंनी भक्तिभावाने हात जोडले.

ड्रोन चादरीवर ठेवून बाईंनी रिमोट घेतला. अंगठे त्याच्या दोन काड्यांवर टेकवले आणि तसेच राहिले. इतरांच्या दातखिळ्या उघडणाऱ्या बाईंची स्वतःचीच दातखीळ बसली.

"वारा आहे का हो जरा?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"पान हलत नाहीये," ताई म्हणाल्या.

मास्तर मात्र जवळ नव्हते. "पाणी घेऊन येतो," असं पुटपुटून ते कुठेतरी गेले होते.

इतक्यात घोळक्यातून बसचे ड्रायव्हर पुढे आले. उजवा गाल भज्यासारखा फुगलेला. हे बाईंचे फरारी पेशंट. त्यांची एक दाढ काढायची होती आणि ते महिनाभर काही ना काही कारण काढून दवाखाना चुकवत होते. घाटात बस उलटी घेणारा हा माणूस दवाखान्याच्या पायरीवर गार पडायचा.

"डॉक्टर," ड्रायव्हर आता गालातल्या गालात हसत म्हणाले, म्हणजे एकाच गालात, "घाबरायचं काही कारण नाही. मोठा श्वास घ्या. हात सैल सोडा."

बाईंनी चमकून वर पाहिलं. हे तर त्यांचेच शब्द!

"मुंगी चावल्यासारखं वाटेल," ड्रायव्हर म्हणाले. "तुम्हाला कळायच्या आत झालेलं असेल."

घोळका फिस्सकन हसला. त्यातल्या निम्म्या लोकांनी ते वाक्य खुर्चीत आडवं पडून ऐकलेलं होतं. बाईंनाही हसू फुटलं. दातखीळ सुटली.

"मी उडवला, तर उद्या दाढ काढायला याल?"

ड्रायव्हरांचं हसू मावळलं. "उद्या माझी ड्युटी..."

"दुपारी सुटता तुम्ही," मागून कुणीतरी चोंबडेपणा केला.

"येईन," ड्रायव्हर गाल धरून म्हणाले. "उडवा!"

बाईंनी मोठा श्वास घेतला आणि अंगठा पुढे रेटला.

ड्रोन गुरगुरला, थरथरला आणि खरोखरच उचलला गेला! चादरीची टोकं फडफडली, ताईंचा पदर डोक्यावर गेला, हात जोडलेल्या आजीबाई "अगं बाई गं!" करत दोन पावलं मागे सरल्या. तो वर गेला, अजून वर गेला, झाडांच्या शेंड्यांच्या वर गेला. "गेला! गेला! अहो, गेला!" बाई ओरडत होत्या आणि जागच्या जागी उड्या मारत होत्या. पन्नाशीच्या डॉक्टरीणबाई, पायात बूट, डोळ्यांत पाणी. त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता, आणि या वेळी तो खरोखरच गगनात होता.

रिमोटच्या पडद्यावर मैदान हातरुमालाएवढं झालं. शाळेची कौलं आली, गावाची छपरं आली, मग चकाकणारी नदी. बाईंनी श्वास रोखला. नदी एकदा वळली होती, तिथून मागे फिरली होती आणि पुढे जाऊन परत वळली होती. ना दाढेचं मूळ, ना घोड्याची नाल.

"हे तर कानासारखं दिसतंय!" ताई म्हणाल्या. "अख्खा कान! हा बघ, खाली पाळीसुद्धा."

"अहो, ऐकलंत का? कान आहे कान!" बाईंनी हाक मारली. आजूबाजूला बघितलं. "कुठे गेले हे?"

त्यांनी ड्रोन वळवला, कॅमेरा खाली झुकवला. मैदानाच्या कडेला मोठं झाड होतं. त्याच्या पलीकडे बुंध्याला पाठ लावून एक माणूस उकिडवा बसला होता. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही कानांत बोटं.

"अगं, हा तर आपला शांत माणूस!" ताईंनी कपाळावर हात मारला.

घोळक्याने पडद्याभोवती एकच गर्दी केली. बाईंनी ड्रोन अगदी अलगद खाली घेतला आणि मास्तरांपासून चांगल्या अंतरावर, त्यांच्या समोर हवेत थांबवला. अंगठे आता सुईत दोरा ओवावा इतके नेमके चालत होते. वारा चेहऱ्यावर आला तसा मास्तरांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

"पडला नाही?" त्यांनी ड्रोनलाच विचारलं.

मैदानभर हशा उसळला. मास्तर धडपडत उठले आणि पँट झटकत धावत आले. "मला बघवेना गं," ते बाईंना हळूच म्हणाले. "तू इतके दिवस त्याची स्वप्नं बघितलीस. तुझ्या डोळ्यांदेखत आपटला असता तर?" बाईंचे दोन्ही हात रिमोटवर अडकलेले. त्यांनी नुसतं डोकं त्यांच्या खांद्याला टेकवलं, नजर मात्र पडद्यावरून हलू दिली नाही.

उतरवताना ड्रोनच्या वाऱ्याने चादर उलटून पडली आणि तो गवतातच बसला, जरासा तिरका, पण धडधाकट. टाळ्या पडल्या. ड्रायव्हरांनी टाळ्या जरा कमी वाजवल्या.

बाई गवतात फतकल मारून बसल्या आणि उगीचच हसत राहिल्या. मास्तर "कान, खरंच की कान," असं म्हणत पुन्हा पुन्हा पडदा बघत होते. बाईंनी दुसरी बॅटरी काढली, बसवली, आणि रिमोट उचलायला हात पुढे केला, तर तो जागेवर नव्हता.

"यातलं वर जायचं कुठलं?" ताईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता अंगठा दाबला.