तिसऱ्यांदा चादर

पोरगा पुन्हा मंत्री होणार हे शाहपेरईला कळलं ते दारात बांधलेल्या दोन मेंढ्यांवरून. ज्याने आईला कधी वाटीभर मनुका धाडल्या नाहीत, तो काबूलहून मेंढे धाडतो म्हणजे काम अडलेलं असणार.

काम होतंच. मेंढ्यांमागून पोराचा, म्हणजे तोरयालयचा, सेक्रेटरी मोटारीतून उतरला, सुगंधी आणि गुळगुळीत. त्याने फोन तिच्या कानाला लावला.

"आई, तू फक्त हे माफीचे मेंढे घेऊन हाजी खानमीरच्या दारात जायचंस. चादर त्याच्या पायाशी ठेवायचीस. त्याच्या जमातीची पाच मतं संसदेत मिळाली की खातं आपलं."

"आणि तू?"

"मला कुठला वेळ गं? इथे परदेशी पाहुणे आलेत."

बाईने आपल्या डोक्यावरची चादर पायाशी टाकली, की पठाण नाही म्हणू शकत नाही. शाहपेरईने ती दोनदा टाकली होती, दोन्ही वेळा याच्यासाठीच. लाल झेंडेवाल्यांचं राज्य होतं तेव्हा हा मिशा पिळून देवाला शिव्या घालायचा. ते राज्य बुडालं, बंदूकवाले याला भिंतीशी उभा करायला आले, तेव्हा पहिल्यांदा. मग याने छातीभर दाढी सोडली, तसबीहची माळ हाती धरली, बंदूकवाल्यांचाच कारभारी झाला. तेही गेले. काळ्या पगड्या आल्या, तेव्हा दुसऱ्यांदा. आता अमेरिकनांच्या राज्यात दाढी बोटभर आणि गळ्यात टाय. सरडासुद्धा रंग बदलताना जरा थांबतो. याने तेवढीही लाज ठेवली नव्हती.

पण त्या दोन्ही वेळा जीव याचाच जात होता. या वेळी जीव दुसऱ्याचा गेला होता. हा शिक्षणमंत्री असताना हाजीच्या गावात शाळा बांधली. पहिल्याच बर्फाला छत कोसळलं. हाजीची आठ वर्षांची नात ब्रेश्ना खाली सापडली. तोरयालय म्हणाला, बर्फ जास्त पडला.

शाहपेरई मेंढे घेऊन निघाली. सेक्रेटरी कॅमेरा सरसावत मागे. हाजीच्या दारातली माणसं तिला पाहून उभी राहिली. म्हातारा खानमीर काठी टेकत पुढे आला. त्याचा चेहरा आधीच हरल्यासारखा होता. बाई दारात आली म्हणजे त्याला माफ करावंच लागणार.

"या वहिनी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुम्ही आलात, आता मी काय बोलणार?"

"चादर, बीबी, चादर," सेक्रेटरी कुजबुजला.

शाहपेरईने चादरीला हात घातला आणि ती डोक्याभोवती घट्ट आवळून घेतली.

"हाजीसाहेब, मी माफी मागायला आले नाही. गुन्हा ज्याचा, त्याने स्वतःच्या पायांनी दारात यायचं असतं. आई म्हणजे काय टपाल आहे?"

"बीबी!" सेक्रेटरी मध्ये पडला.

"तू गप रे, अत्तराच्या बाटली!" ती हाजीकडे वळली. "मी साक्ष द्यायला आले. काबूलला पोराच्या नव्या हवेलीत गेले होते. छताला लोखंडी तुळया. त्यांवर पांढऱ्या रंगात तुमच्या शाळेचं नाव. मेल्याने रंगसुद्धा खरवडला नाही. तुमच्या पोरींच्या डोक्यावर सफेद्याच्या झाडाच्या काठ्या, आणि लोखंड याच्या दिवाणखान्यावर. मला अक्षरं लागत नाहीत. सुनेने हसत हसत वाचून दाखवलं. त्या घरात मग मी पाणी प्याले नाही."

हाजी काठी टेकत आणखी एक पाऊल पुढे आला.

"वहिनी, हे जिरग्यात, पंचांसमोर सांगाल?"

"कॅमेरा आणलाय की त्याने. आत्ताच सांगते. चालू आहे का रे?"

सेक्रेटरी मोटारीकडे पळाला होता.

मेंढे घेऊन ती चालत घरी आली. अंगणात पोचते तोच फोन वाजला.

"आई, तू माझा गळा कापलास!"

"तुझा गळा शाबूत आहे, मंत्रीसाहेब. दोनदा मीच वाचवलाय. तिथेच चूक झाली माझी." मेंढ्यांसमोर तिने लसूणघास टाकला. "मेंढे इथे बांधलेत. त्यांची दोरी धरून पायी हाजीच्या दारात जाशील, त्या दिवशी सोडीन. तोवर चारा धाडत जा."