कुणकवाडीचं उसनं झाकण

करी रोडला आमच्या चाळीच्या दारातल्या गटाराचं झाकण टेम्पोखाली फुटलं आणि माझ्या आजीची मासळी बंद झाली. खाणं नव्हे, निवडणं. शेवंतीआजी रोज कोपऱ्यावरच्या तुळसा कोळणीशी भांडून मासे आणायची. आता दारात ते भोक, आणि आजीच्या गुडघ्यांनी उड्या मारणं केव्हाच सोडलेलं. मग मासे मी आणू लागलो.

"विनीत, मेल्या, ह्यो बांगडो काल मेलो काय गेल्या शिमग्याक?"

मी वॉर्ड ऑफिसात झाकणाची तक्रार नोंदवली. पण वॉर्डाला तेव्हा नगरसेवकच नव्हता, निवडणुका रखडलेल्या. माजी नगरसेवक म्हणाले, "मी माजी आहे." भावी नगरसेवक गल्लीभर होते, पण सगळे बॅनरवर.

आमच्या गावाला, कुणकवाडीला, मात्र सरपंच आहे. मीनाक्षीकाकू. गावची अर्धी मतं करी रोडला राहतात आणि शिमग्यालाच गावी उगवतात, म्हणून काकू एक ग्रामसभा तेव्हाच घेते. एरवी कोरम भरत नाही. आजीला आम्ही खुर्चीसकट उचलून भोकापलीकडे नेलं आणि बसमध्ये ठेवलं.

ग्रामसभेत विहिरीचा गाळ झाला, शाळेची कौलं झाली. काकू म्हणाली, "आणखी कोणाचं काय?"

आजी उठली. "माझ्या दारातला गटार उघडा पडला हा."

ग्रामसेवकांनी पेन उघडलं. "कुठली वाडी, आजी?"

"करी रोड."

ग्रामसेवकांनी पेन बंद केलं. "आजी, ती महापालिका, ही पंचायत. कायदे वेगळे, निधी वेगळा. आपला पैसा हद्दीबाहेर खर्च करता येत नाही."

"मत देताना मी हद्दीत, आणि पडताना बाहेर?"

मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या. कोरम तेच होते.

"खर्च कोण करतंय?" काकू म्हणाली. "रस्त्याखालच्या मोरीसाठी आणलेल्यातलं एक झाकण उरलंय ना? ते उसनं देऊ."

"महापालिकेला? उसनं?"

"शेजारीण वाटीभर साखर मागते तेव्हा तुम्ही कायदा बघता?"

ग्रामसेवकांनी कपाळ पुसलं आणि ठराव लिहिला. सगळे हात वर. एकटे हरेश्वरकाका विरोधात. "कशाला विरोध ते मागाहून सांगतो," म्हणाले. ते दर ठरावाला हेच म्हणतात.

झाकण बसच्या पोटात, तांदळाच्या पोत्यांशेजारी बसून मुंबईला आलं. भोकापेक्षा जरा मोठंच निघालं, पण बसलं. वर ठसठशीत अक्षरं : ग्रामपंचायत कुणकवाडी. आजी त्यावरून चालत थेट तुळसाकडे गेली.

"म्हातारे, आलीस? मला वाटलं, गेलीस."

"तू ह्या पोराच्या गळ्यात मारलेले बांगडे खावन पण जिवंत आसंय."

दोघी सुखाने भांडू लागल्या.

झाकणाचा फोटो मोबाइलवर फिरला आणि वॉर्डाच्या इंजिनिअर सीमा मॅडम आल्या. वाकून त्यांनी झाकणावरची अक्षरं वाचली.

"आमच्या हद्दीत दुसऱ्या स्वराज्य संस्थेचं बांधकाम?"

"बांधकाम नाही मॅडम, उसनवारी," मी म्हणालो. "ठराव आहे." मोबाइलवर दाखवला. मॅडमनी हरेश्वरकाकांच्या विरोधासकट सगळा वाचला.

"असं चालत नाही. हे काढावं लागेल."

आजी हातात पिशवी घेऊन उभी होती. पिशवी हळूच खाली गेली.

"आणि काढलं," मॅडम स्वतःशीच, जरा दुखावल्यासारख्या पुटपुटल्या, "की तिथे आमचं लावावं लागेल."

दुसऱ्या दिवशी महापालिकेचं झाकण लागलं. मापाचं.

कुणकवाडीचं परत करायचंय, उसनं ते उसनं. पण बसमध्ये जागा आता गणपतीलाच. तोवर ते तुळसाच्या टोपलीसमोर चार विटांवर ठेवलंय. आजी त्यावर बसून एकेका बांगड्याचे डोळे तपासते.

काल तुळसाने भाव सांगितला. आजीने बुडाखालच्या अक्षरांवर थाप मारली.

"ह्यो भाव करी रोडचो. मी कुणकवाडीत बसलंय. गावचो भाव सांग."